जेन बनेट, क्यूबा आणि माझ्या बोटांची सोळा पेरं

मुरकी

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज बसून लिहूनच काढते. इथे जॅझ ऐकणारे थोडे आहेत याची कल्पना आहे. पण ज्यांना तालाचं वेड आहे त्यांच्यासाठीही हा धागा आहे, तेव्हा वाचाच.

जेन बनेट ही टोरांटोची वादक. जन्म १९५६ चा. सोप्रानो सॅक्सोफोन आणि पाश्चात्त्य बासरी वाजवते. सोप्रानो म्हणजे सरळ नळीचा सॅक्सोफोन. लांबून पाहिला तर सनई वाटावा, आणि आवाजाला धारही तशीच. लहानपणी ती पियानो शिकत होती, पण हाताचे स्नायुबंध दुखावले आणि ती वाट बंद झाली. सॅन फ्रान्सिस्कोला बेसवादक चार्ल्स मिंगस ऐकला आणि जॅझकडे वळली. पॅरिसला सोप्रानोवादक स्टीव्ह लेसीकडे शिकली. १९८८ च्या पहिल्याच अल्बममध्ये ड्यूई रेडमन आणि डॉन पुलनसारखी मोठी माणसं सोबतीला होती. हे सगळं एखाद्या चांगल्या जॅझवादकाचं असावं तसंच आहे.

वेगळेपण सुरू होतं १९८२ मध्ये. टोरांटोचा हिवाळा चुकवायला ती आणि तिचा नवरा, ट्रम्पेटवादक लॅरी क्रेमर, स्वस्तातली सहल घेऊन क्यूबाच्या पूर्व टोकाला सांतियागोला गेले. वाद्यं बरोबर होतीच. अमेरिकन वादकाला हे एवढं सोपं नव्हतं. १९६२ पासून निर्बंध होते. कॅनडानं मात्र क्यूबाशी संबंध कधीच तोडले नाहीत, त्यामुळे टोरांटोचा माणूस तिकीट काढून सरळ जाऊ शकत होता. ती गेली, रस्त्यारस्त्यावर संगीत ऐकलं, वाद्य काढून त्यांच्यात जाऊन बसली. मग पुन्हा गेली. नंतर चाळीस वर्षं जातच राहिली.

मला सांगायचंय ते हे, की क्यूबाचा रंग लावलेलं जॅझ आणि क्यूबा शिकून वाजवलेलं जॅझ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मागे एक कोंगा (हातानं वाजवायचा उंच ढोल) बसवतात आणि पुढे आपलं नेहमीचंच वाजवतात. दुसऱ्यात वादकाचं मोजणं मुळापासून बदलतं.

मी सांगलीला सात वर्षं तबला शिकले. तीनताल बोटांच्या पेरांवर मोजायची सवय अजून आहे. एका बोटाची तीन पेरं आणि टोक मिळून चार, चार बोटांच्या सोळा मात्रा. आता त्याच बोटांवर क्यूबाचा क्लावे मोजून बघा. क्लावे म्हणजे दोन काठ्यांवर वाजणारे पाच ठोके. करंगळीपासून सुरुवात करा. पहिला ठोका करंगळीच्या पहिल्या पेरावर, दुसरा करंगळीच्या टोकावर, तिसरा अनामिकेच्या तिसऱ्या पेरावर, चौथा मधल्या बोटाच्या तिसऱ्या पेरावर आणि पाचवा तर्जनीच्या पहिल्या पेरावर. म्हणजे १, ४, ७, ११, १३. अंतरं तीन, तीन, चार, दोन, चार.

आपल्या टाळ्या १, ५ आणि १३ वर, खाली ९ वर. म्हणजे तीनताल आणि क्लावे दोनदाच भेटतात, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि तेराव्या मात्रेवर. आपण जिथे हात उलटा करून खाली दाखवतो, तिथे क्लावेही गप्प असतो. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी बसमध्ये होते आणि माझा थांबा निघून गेला.

आता बेस ऐका. त्याला टुंबाओ म्हणतात. साधा टुंबाओ वाजतो ४, ७, १२ आणि १५ वर. सातवीचा सूर खालीवरून पुढे ओढला जातो, पंधरावीचा समेवरून. सगळ्यात जड आवाजाचं वाद्य समेवर वाजतच नाही! ज्याला समेवर धा पडल्याशिवाय चैन पडत नाही अशा माणसाला पहिले काही दिवस पायाखाली जमीनच नसल्यासारखं होतं. जॅझवाल्यांचंही तेच होतं. त्यांच्या कानाला चालत जाणाऱ्या बेसची सवय असते, चारही मात्रांवर पाऊल टाकणाऱ्या. जेन बनेटला हे सगळं पुन्हा शिकावं लागलं असणार. १९९१ चा 'स्पिरिट्स ऑफ हवाना' ऐकताना ते कळतं. तिचा सॅक्सोफोन गायकांच्या वर चढून बसत नाही. गायक हाक देतो, समूह उत्तर देतो आणि ती मधल्या फटीत बोलते.

तो अल्बम हवानाच्या एग्रेम स्टुडिओत झाला. सोव्हिएत मदत आटत चाललेली, देशात सगळ्याचीच टंचाई. अशा वेळी गाणाऱ्यांत मर्सेदितास वाल्देस होत्या, पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या योरुबा लोकांच्या देवतांची गाणी रंगमंचावर आणणाऱ्या थोर गायिका. त्यांचे पती गिलेर्मो बारेतो तिंबालेसवर (काठ्यांनी वाजवायच्या ढोलांच्या जोडीवर) होते, आणि त्याच वर्षी ते वारले. दृष्टिहीन पियानोवादक फ्रँक एमिलियो फ्लिन होते, तरुण गोन्सालो रुबालकाबा होता, योरुबा आंदाबो या गटाचे तालवादक होते. तीन पिढ्या एका खोलीत. कॅनडाचा जूनो पुरस्कार मिळाला तो जागतिक संगीत या विभागात. २०१५ मध्ये तिच्या माकेके या गटाला जूनो मिळाला तो जॅझ विभागात. तिच्या संगीतात क्यूबा दोन्ही वेळा होताच, बदलले ते ऐकणारे.

तबलजींनी मतं द्यावीत. मला क्लावे हा ठेकाच वाटतो.

धा_धिं

मुरकीताई, सुंदर लिहिलंय. पेरांवर लगेच मोजून पाहिलं, ९ वरचं मौन खरंच अंगावर आलं.

पण ठेका म्हणू नका. ठेका आवर्तन भरून काढतो. बोल ऐकले की तीनताल की तिलवाडा हे कळतं, खाली-भरी कळते. क्लावेत पाचच ठोके आणि बाकी सगळं मोकळं. माझ्या मते तो लेहऱ्याच्या जास्त जवळ आहे. एकल तबल्यात आपण कायदे-रेले कितीही फिरवले तरी संवादिनीवर तो छोटासा लेहरा तसाच चालू राहतो, आणि आपण कुठे आहोत ते त्यावरून कळतं. क्लावेचं काम तेच दिसतंय.

एक शंका. तुकडा संपवायचा कुठे? सम नाही तर जागा कोणती पकडायची?

मुरकी

दादा, लेहरा! हे मला सुचलंच नव्हतं. ठेका मागे घेते.

सम आहे, पण तिथे येऊन आदळायचं नाही. पाचांपैकी तीन ठोक्यांची बाजू ताणलेली, दोन ठोक्यांची बाजू मोकळी. गाणं तीनच्या बाजूनं सुरू होतं किंवा दोनच्या, आणि एकदा सुरू झालं की बाजू पालटत नाही. चाल, पियानोचा मोंतुनो (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा), कोंग्याचा हात, सगळ्यांनी आपापली वळणं त्या ताण-मोकळीकीला धरून ठेवायची. वादक चुकीच्या बाजूवर गेला की म्हणतात क्रुसादो झालं, म्हणजे आडवं गेलं. आणि बऱ्याचदा काठ्या कुणी वाजवतच नाही, पण प्रत्येकाच्या डोक्यात त्या चालू असतात. लेहरा बंद करून सगळ्यांनी तो मनात धरून वाजवावं, तसं.

ब्लूनोट_पुणे

धागा आवडला, पण एक गोष्ट राहिली. हे जेन बनेटनं सुरू केलेलं नाही. अमेरिकन ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीचं नाव आधी घ्यायला हवं.

१९३९ च्या सुमारास डिझी कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये आला. तिथे हवानाचा मारिओ बाउसा ट्रम्पेट वाजवायचा, आणि त्यानंच डिझीच्या कानात क्यूबा भरला. पुढे १९४७ मध्ये डिझीला तालवादक हवा होता, तर बाउसानं चानो पोसोशी गाठ घालून दिली. त्या सप्टेंबरात कार्नेगी हॉलला दोघं एकत्र वाजले आणि डिसेंबरात 'मांतेका' ध्वनिमुद्रित झालं. चानोला फक्त एकावर एक रचलेले, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे हवे होते, डिझीनं त्यात मधला पूल, म्हणजे वेगळ्या चालीचा जोडभाग, घातला. त्या एका रचनेत दोन विचारांची ओढाताण अजून ऐकू येते. पुलाशी आलं की संगीत एकदम अमेरिकन होतं, आणि पूल संपला की परत हवाना. वर्षभरात, डिसेंबर १९४८ मध्ये, हार्लेममध्ये चानोचा गोळी घालून खून झाला. तेहतीस वर्षांचा होता. डिझीला स्वतः क्यूबात पाय ठेवायला १९७७ उजाडलं, तेही एका पर्यटक जहाजावरून.

नव्वदीतही नुसती जेन नव्हती. १९९६ मध्ये अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टीव्ह कोलमन आपला गट घेऊन गेला आणि मातांसासच्या आफ्रोकूबा या गटाबरोबर त्यानं ध्वनिमुद्रण केलं. ट्रम्पेटवादक रॉय हारग्रोव्हनं क्यूबन वादक घेऊन क्रिसोल हा गट बांधला, त्याला ग्रॅमी मिळालं.

आणि एक मनापासूनचा प्रश्न. श्रीमंत देशातला वादक गरीब देशात जातो, तिथलं शिकतो, पुरस्कार घेतो. तिथल्यांना काय मिळतं?

मुरकी

डिझीबद्दल पूर्ण सहमत, त्याच्याशिवाय ही वाटच नसती. पण तुम्ही लिहिलंत त्यातच फरकही आलाय. डिझीला चानो मिळाला जेमतेम सव्वा वर्ष, तोही न्यूयॉर्कमध्ये. नंतर दार बंद. जेनला मिळाली चाळीस वर्षं, आणि तीही शिकवणाऱ्यांच्या घरी जाऊन.

शेवटचा प्रश्न मलाही छळायचा. मग मी नावं बघितली. दाफ्निस प्रिएतो, ड्रम्स : तरुणपणी तिच्याबरोबर दौरे केले, मग न्यूयॉर्कला स्थायिक झाला, २०११ मध्ये मॅकआर्थर ही अमेरिकेतली मानाची फेलोशिप. पेद्रितो मार्तिनेस, कोंगा आणि गायन : १९९८ मध्ये तिच्या दौऱ्यावर क्यूबाबाहेर आला, आज त्याचा स्वतःचा गट आहे. दाविद बिरेयेस, पियानो : सांतियागोचा पोरगा, तिच्या आधारानं कॅनडाला आला. इलारियो दुरान हा तर आधीच मोठा पियानोवादक, तोही टोरांटोत येऊन राहिला.

दुसरी गोष्ट वाद्यांची. नव्वदच्या दशकात तिथल्या संगीतशाळांत मुलं उत्तम तयार होत होती, पण सॅक्सोफोनच्या चाव्यांखालच्या गाद्या फाटलेल्या, रीड (फुंकायची पात) मिळत नाही, तार तुटली तर दुसरी नाही. ती आणि लॅरी सामान भरभरून न्यायचे, वाद्यं दुरुस्त करून घ्यायचे. सॅक्सोफोनची गादी म्हणजे कातड्याची रुपयाएवढी चकती. ती नीट बसली नाही तर हवा गळते आणि सूर फुटत नाही, मुलगी कितीही हुशार असो. आपल्याकडे शाई उडालेल्या तबल्यावर रियाझ करणाऱ्या मुलांना हे समजावून सांगायला नको.

यानं हिशेब पुरा होतो असं मी म्हणत नाही. पण ती नुसती घेऊन गेली नाही.

शाल्मली_के

मी बासरी वाजवते (आपली, बांबूची), म्हणून एक भर घालते. जेनची बासरी ऐकायची तर 'हवाना फ्लूट समिट' ऐका. त्यात रिचर्ड एग्वेस आहेत, ऑर्केस्ता आरागोनचे बासरीवादक. या परंपरेला चारांगा म्हणतात. खाली व्हायोलिनं, मध्ये ग्विरो नावाचा खरवडायचा भोपळा, आणि सगळ्यांच्या वर बासरी, तिसऱ्या सप्तकात. जुन्या वादकांकडे पाच चाव्यांची लाकडी बासरी असायची. एवढ्या वर सूर धरून ठेवायला ओठांची फट किती बारीक करावी लागते ते मी करून पाहिलंय. तार सप्तकाच्या पंचमापर्यंत कशीबशी गेले आणि सूर फाटला. ही माणसं तिथे नुसती पोचत नाहीत, तिथे उभं राहून नाचणाऱ्यांशी गप्पा मारतात. पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण घेतलेली बाई एग्वेसांच्या शेजारी बसून हे शिकते, याला धीर लागतो.

आणि मुरकी, माकेकेबद्दल एका ओळीत उरकलंस! माझ्या दृष्टीनं तिच्या सगळ्या कामात तेच मोठं आहे.

मुरकी

खरंय शाल्मली, चूक झाली. लिहिते.

हवानाच्या संगीतशाळांत मुली भरपूर शिकतात, पण रात्री एकत्र वाजवायची वेळ आली की व्यासपीठावर मुलगेच. मुली वाद्यं मांडीवर घेऊन कडेला. जेनला हे खुपत होतं. म्हणून २०१४ च्या सुमारास तिनं फक्त मुलींचा गट बांधला. माकेके या शब्दाचा अर्थ ती तरुण मुलीच्या अंगातलं चैतन्य असा सांगते. पहिल्या गटात गायिका दायमे आरोसेना होती, ड्रम्सवर यिस्सी गार्सिया, पियानोवर दानाए ओलानो, तालवाद्यांवर मागदेलिस साविग्ने. 'ओद्दारा' या दुसऱ्या अल्बमला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. साविग्ने आणि व्हायोलिनवादक एलिसाबेथ रोद्रिगेस यांनी टोरांटोत ओकान नावाचा आपला गट काढला आणि २०२१ मध्ये जूनो घेतला.

यात बाता ड्रमची गोष्ट महत्त्वाची. बाता म्हणजे मांडीवर आडवे धरायचे, दोन्ही तोंडांनी वाजणारे तीन ढोल, ठेवण आपल्या पखवाजासारखी पण कमरेत बारीक. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांबरोबर ते आले. सर्वांत मोठ्याचं नाव इया, योरुबात त्याचा अर्थ आई. बाकीचे दोन इतोतेले आणि ओकोंकोलो. इया बोलते, इतोतेले उत्तर देतो, ओकोंकोलो लय धरून ठेवतो. आणि ज्यांच्यावर धार्मिक संस्कार झालेत त्या बाताला बाईनं हात लावायचा नाही असा परंपरेचा नियम. ढोलाचं नाव आई आणि बाईला मज्जाव! संस्कार न केलेले बाता मात्र आता बायका वाजवतात. साविग्नेचा हात बातावर पडताना मी टोरांटोत समोरून ऐकलाय, दुसऱ्या रांगेतून. डाव्या हाताची थाप ऐकू येण्याआधी खुर्चीतून जाणवत होती.

धा_धिं

इयाला आई म्हणतात हे वाचून थांबलो. आमचे गुरुजी डग्ग्याला घराचं मोठं माणूस म्हणायचे. मोठं माणूस कमी बोलतं, पण त्याच्यावाचून घर उभं राहत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मांडवीकर

हा धागा वाचून मम्मीलाही वाचून दाखवला. आम्ही मूळचे गोव्याचे, पण मुंबईत धोबी तलावला वाढलो. माझे शपाय म्हणजे आजोबा कुडीत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासात, राहायचे आणि हॉटेलांतल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. गावच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली ही पिढी. मुंबईत त्यांचा देव म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, चिक चॉकलेट. सी. रामचंद्रांकडे ते सहायक होते. १९५१ च्या 'अलबेला'त ते पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे क्यूबन धाटणीचे शर्ट घातलेल्या आपल्या वादकांसह.

पण मुरकीताई म्हणतात तो फरक इथेही आहे. आपल्याकडे क्यूबा आला तो लंडनच्या आणि न्यूयॉर्कच्या रेकॉर्डींवरून. 'गोरे गोरे ओ बाँके छोरे'ची चाल लंडनच्या एडमुंडो रॉसनं गाजवलेल्या गाण्यावर बेतलेली, आणि रॉस मूळचा त्रिनिदादचा. म्हणजे हवाना ते गिरगाव असा प्रवास दोन-तीन गाड्या बदलून झाला. शपायांच्या पिढीला कुणी हवानाला बसून शिकवलं नाही. जे शिकले ते रेकॉर्डीची सुई पुन्हा पुन्हा मागे ठेवून. मला त्यांचं कौतुक आणखीच वाटतं.

त्यांच्या काठ्या घरात आहेत. वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, काळपट जड लाकूड. हवानाच्या गोदीत जहाजबांधणीच्या लाकडी खुंट्या असायच्या, त्यापासून क्लावे निघाले असं सांगतात. शपाय एक काठी डाव्या हातावर नुसती टेकवायचे, मुठीत धरायचे नाहीत. खाली तळवा वाडग्यासारखा पोकळ ठेवायचा. मूठ आवळली की आवाज मरतो, पोकळ ठेवला की टण्ण वाजतो.

ब्लूनोट_पुणे

मांडवीकर, हा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. कृपया काठ्यांचा फोटो टाका.

मुरकीताई, उत्तर पटलं. 'क्यूबन ओडिसी' कसा आहे? सुरुवात कुठून करू?

मुरकी

सुरुवात 'स्पिरिट्स ऑफ हवाना'नंच करा, मग लगेच 'क्यूबन ओडिसी'. त्यात ती हवाना सोडून मातांसास, सिएनफुएगोस, कामाग्वेला जाते. मातांसासला मुन्येकितोस या गटाबरोबर रुंबा (ढोल, गाणं आणि नाच), सिएनफुएगोसला लोस नारांहोस या गटाचा सोन (क्यूबाचा जुना गाण्याचा प्रकार), कामाग्वेला देसांदान नावाचा गायकवृंद. देसांदानची माणसं क्यूबात स्थायिक झालेल्या हैतीवासीयांचे वंशज, गातात क्रेओल भाषेत, साथीला जवळजवळ काहीच नाही. तिथे तिचा सॅक्सोफोन इतका हळू येतो की आधी वाटतं वृंदातलंच कुणी गातंय. हेडफोन लावून ऐका.

धा_धिं

आठवडाभर पेरांवर क्लावे मोजतोय. एक अडचण. तिसरा ठोका सारखा आठवीवर जातो. ७ ऐवजी ८. डाव्या हातानं ठेका धरला की हमखास.

मुरकी

दादा, तुम्ही चुकत नाही आहात. १, ४, ८, ११, १३ हा रुंबा क्लावे. यात तिसरा ठोका एका मात्रेनं उशिरा येतो, मातांसासच्या रुंब्यात हाच वाजतो. आधी सातवीवाला सोन क्लावे पक्का करा, म्हणजे आठवी मुद्दाम घेता येईल. आणि पेरं सोडून आता चालत मोजा, पाऊल १, ५, ९, १३ वर आणि टाळी क्लावेची.

मांडवीकर

फोटो टाकलाय. काढण्याआधी दिवाणखान्यात काठ्या वाजवून बघत होतो, ताईंचे आकडे कागदावर लिहून. दुसऱ्यांदा घेतला तेव्हा स्वयंपाकघरातून मम्मीनं ओट्यावर सुरीच्या मुठीनं उरलेले दोन ठोके पुरे केले, ११ आणि १३, अगदी जागेवर. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, कधी कुठलं वाद्य शिकली नाही. विचारलं तर म्हणाली, लग्न होऊन घरात आले तेव्हा तुझे शपाय रोज संध्याकाळी बँडला निघायच्या आधी खिडकीशी उभे राहून हेच वाजवायचे, आणि मी आत कांदा चिरत असायचे.